पेडगावचे दोन शिंजीर

फाल्गुन लागला की मराठवाड्यातल्या मोबाइलवर ‘आमच्या अंगणात हमिंगबर्ड आला’ असे व्हिडिओ फिरायला लागतात. जास्वंदीच्या फुलापाशी क्षणभर हवेत थरथरणारा, चिमणीहूनही लहान पक्षी, बाकदार चोच, उन्हात निळी-जांभळी चमक. व्हिडिओ काढणाऱ्याचा आनंद खरा असतो. नाव मात्र सातासमुद्रापलीकडच्या पक्ष्याचं असतं. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर राहतात. अलास्कापासून दक्षिण टोकाच्या टिएरा देल फुएगोपर्यंत त्यांच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, पण आशिया, आफ्रिका, युरोपात आज एकही नाही. आपल्या अंगणात येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी.

आणि तोही एकच नव्हे. परभणीच्या मुलखात एकाच झाडावर दोन जातींचे शिंजीर येतात. एक जांभळा शिंजीर, दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर. नावं इतकी जवळची की पुस्तक उघडून बसलेल्याचाही गोंधळ व्हावा. चणही सारखी, दोघेही जेमतेम दहा सेंटिमीटरचे. जुन्या पुस्तकांत दोघांना नेक्टारिनिया या एकाच प्रजातीत घातलेलं सापडतं. आता जांभळा सिनिरिस एशियाटिकस झाला आहे आणि जांभळ्या पाठीचा लेप्टोकोमा झेलोनिका. शास्त्रज्ञांनी चुलते वेगळे काढले, पण फुलं दोघांची तीच राहिली. हे दोघं शेजारीशेजारी कसे राहतात ते निवांत बघावं, म्हणून मी पेडगावला गेलो.

पेडगाव म्हटलं की मराठी माणसाला वेड पांघरून जाण्याचं गाव आठवतं. ते पेडगाव निराळं, श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठच्या बहादूरगडाचं. मी सांगतोय ते परभणी तालुक्यातलं. परभणी जंक्शनवरून मनमाडच्या दिशेने गाडी निघाली की थोड्याच वेळात हे छोटं स्थानक येतं. हा लोहमार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास पडला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असं त्याचं तेव्हाचं नाव. पुढे बरीच वर्षं इथून मीटरगेजच्या गाड्या धावल्या, १९९० च्या दशकात मार्ग रुंद झाला. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला दुधना आणि मधे ही काळी, कसदार, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, करडई.

गाडीतून उतरलो तेव्हा हरभऱ्याची काढणी आटोपत आली होती. ज्वारीच्या कडब्याच्या गंज्या रचून झाल्या होत्या. शेतं मोकळी, म्हणून धुऱ्यावरची झाडं लांबूनच नजरेत भरत होती. त्यात पळस. पानं सगळी गळालेली आणि अंगभर केशरी फुलं. स्थानकाकडून गावाकडे चालताना पहिला शिंजीर दिसला तो पळसावरच, आणि दिसण्याआधी ऐकू आला. ‘चीविट्, चीविट्, चीविट्’ असा घाईचा, उंच पट्टीतला आवाज, एवढ्याशा देहातून येतोय हे पटू नये इतका मोठा.

तो जांभळा शिंजीर, नर. लांबून बघाल तर निव्वळ काळा. झाडाच्या शेंड्यावर बसून गात होता आणि सूर्य त्याच्या मागे होता, म्हणून काळा. मी धुऱ्याला वळसा घालून सूर्य पाठीशी घेतला आणि तोच पक्षी पेटला. डोकं निळं-हिरवं, मान जांभळी, छातीवर एक गडद पट्टा. मान वळवली की हिरव्याचं जांभळं, जांभळ्याचं काळं. पैठणीचा धूपछांव पदर हलवला की होतं तसं. हा रंग पिसात मुरवलेला नसतो. निळ्या-जांभळ्याचं रंगद्रव्य या पिसांत नाहीच. मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कणांचे थर पिसांच्या तंतूंमध्ये नेमक्या अंतरावर रचलेले असतात, त्यांवरून उलटलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि ठरावीक कोनातून ठरावीक रंगच डोळ्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे शिंजीर बघायचा तर आधी आपली जागा ठरवावी, मग दुर्बीण काढावी. ऊन पाठीवर घेऊन उभं राहणाराच हा पक्षी खरा बघतो.

पळसाशी या पक्ष्याचं नातं फार खोल आहे. पळसाचं फूल पाच पाकळ्यांचं. त्यातली खालची जोडपाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, पुंकेसर आणि स्त्रीकेसर तिच्यात झाकलेले. मध असतो तळाशी, त्या मखमली तपकिरी पेल्यात. पळसावर मैना येतात, साळुंक्या येतात, बुलबुल, कोतवाल, खारी, भुंगे, सगळे येतात. यातले पुष्कळ मध पिऊन जातात आणि झाडाच्या पदरात काही टाकत नाहीत. दिल्लीच्या संशोधकांनी पळसाच्या परागीभवनाचा बारकाईने अभ्यास केला, तो २००३ साली ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात छापून आला. फुलांवर येणाऱ्या अनेक जातींच्या पक्ष्यांपैकी परागीभवनाचं काम खऱ्या अर्थाने जांभळा शिंजीरच करतो, असा त्यांचा निष्कर्ष. जोडीला खारीचा वाटा. खारीचा वाटा हे शब्द इथे मी शब्दशः वापरतोय, कारण मध शोधणारी खार खरोखरच परागकण वाहून नेते.

हे वाचलं होतं, पेडगावच्या धुऱ्यावर ते डोळ्यांनी बघता आलं. पळस बुटका होता, खालची फांदी माझ्या डोक्याच्या उंचीवर आलेली. नर येऊन फुलाच्या देठावर बसला. हमिंगबर्डसारखा हवेत तरंगला नाही, चक्क पाय रोवून बसला. मान तिरपी केली, बाकदार चोच पेल्याच्या कडेने आत सरकवली, त्या रेट्याने खालची पाकळी दबली आणि केसर बाहेर आले. दोन सेकंद तसाच राहिला. गळा हलत होता. चोच बाहेर काढली तेव्हा तिच्या बुडाशी पिवळी पूड लागलेली. फांदीवर चोच दोनदा घासली आणि पुढचं फूल. एका घोसावरची सगळी फुलं त्याने केली नाहीत. चार-दोन करून शेजारच्या झाडावर गेला. झाडाला हवं असतं ते नेमकं हेच, कारण पळसाला दुसऱ्या झाडाचे परागकण मिळाले तर फळ चांगलं धरतं.

शिंजीर मध पितो कसा, हाही अलीकडे उलगडलेला भाग आहे. त्याची जीभ नळीसारखी वळलेली आणि टोकाला दुभंगलेली असते. अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा दिसलं की शिंजीर जिभेचं बूड टाळूला दाबतो, मग खाली सोडतो आणि त्या ओढीने मध नळीतून वर चढतो. हमिंगबर्डची तऱ्हा वेगळी. त्याच्या जिभेच्या टोकाला दोन पन्हळी असतात, त्या मधात उघडतात, आत घेताना मिटतात आणि मध पकडून आणतात. हे तो सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतो. गरज एकच, फूलही तसंच, पण दोन पक्षीकुळांनी वाटा आपापल्या शोधल्या.

गावात शिरल्यावर दुसरा शिंजीर शोधायला फार हिंडावं लागलं नाही. एका घराच्या वसरीपुढे कर्दळ, जास्वंद, एक शेवगा आणि लालचुटूक नळीदार फुलांचं हमेलियाचं झुडूप होतं. मी कुंपणाबाहेर थांबून आत बघतोय म्हटल्यावर वसरीत डाळ निवडत बसलेल्या आजींनी हाक दिली.

“कोन्या गावचे म्हनायचे? काय बघायलेत?”

“पक्षी बघतोय आजी. हा बारका, फुलातला मध पिणारा.”

“ते व्हय! रोजच येतंय की. दोन परकारचे हायेत बघा. एक काळं अन् एक पिवळ्या पोटाचं. काळं लई भांडकुदळ, दुसऱ्याला टेकू देत न्हाई. पिवळं गरीब हाय, ते इथंच राहतंय, बारा म्हैने.”

त्या आजींनी दोन वाक्यांत जे सांगितलं त्याला पक्षीशास्त्राची पानं लागतात. त्यांचंच नाव मी पुढे वापरणार आहे: काळा आणि पिवळ्या पोटाचा.

पिवळ्या पोटाचा, म्हणजे जांभळ्या पाठीचा शिंजीर, दहाच मिनिटांत कर्दळीवर आला. नराचा थाट बघण्यासारखा. टाळू चमकदार हिरवी-निळी, गळा जांभळा, त्याखाली मातकट लाल पट्टा, मग लिंबासारखं पिवळं पोट आणि बाजूंना पांढरट पिसं. पाठ मातकट लाल, खांद्यावर हिरवी टिकली, शेपटीच्या वर जांभळी चमक. डोळ्याच्या बाहुलीभोवतालची कड लालसर. सावलीत त्याचेही वरचे रंग काळेच दिसतात, पण पिवळं पोट लपत नाही. म्हणून नरांच्या बाबतीत ओळख सोपी: पोट बघावं. पोटापर्यंत काळा तो जांभळा शिंजीर, पोट पिवळं तो जांभळ्या पाठीचा.

खरी कसोटी माद्यांची. दोघींचा रंग वरून मळकट हिरवा-तपकिरी, खालून पिवळा. दोघी सतत हलत्या. हमेलियावर दोघी एकाच वेळी आल्या तेव्हा मात्र फरक स्पष्ट दिसला. काळ्याच्या मादीचा फिका पिवळा रंग थेट गळ्यापासून सुरू होतो आणि खाली तसाच जातो. पिवळ्या पोटाच्या मादीचा गळा पांढुरका-राखी, मग छाती पिवळी आणि कुशी पुन्हा पांढरट. गळा पाहिला की निवाडा झाला. काळ्याच्या मादीच्या डोळ्यावर एक पुसट भुवईही असते, पण त्यासाठी ती चांगली जवळ यायला हवी.

अमेरिकेत हाच पेच याहून अवघड आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबं परसात साखरपाण्याचं भांडं टांगतात, एक भाग साखर, चार भाग पाणी. त्यावर येणाऱ्या हमिंगबर्डांत रूफस आणि ॲलन्स अशा दोन सख्ख्या जाती आहेत. नर रूफसची पाठ तांबूस, ॲलन्सची हिरवी, असं पुस्तक सांगतं. पण काही रूफस नरांच्या पाठीवरही हिरवा रंग बराच असतो, आणि माद्या तर जवळजवळ सारख्या. तिथे शेवटी शेपटीचं एकेक पीस बघावं लागतं, मधल्या पिसांच्या शेजारच्या पिसाला खाच आहे की नाही, बाहेरचं पीस किती अरुंद आहे. हे बहुधा पक्षी हातात धरल्यावर किंवा शेपटी पसरलेली असताना काढलेल्या स्वच्छ छायाचित्रावरूनच कळतं. त्या मानाने आपले दोन शिंजीर फारच उदार.

आजींच्या अंगणातल्या झुडपाबद्दल एक गोष्ट मला सारखी वाटत राहिली. हमेलिया आपला नव्हे, अमेरिकेच्या उष्ण भागातला. त्याची अरुंद, लाल-नारिंगी नळी हमिंगबर्डच्या चोचीसाठी घडलेली. रोपवाटिकांतून तो बंगल्याबंगल्यात, शाळेत, रेल्वे स्थानकांच्या बागेत पोहोचला. कर्दळही मूळची तिकडचीच. ज्या फुलांना हमिंगबर्डने घडवलं त्यांच्यावर आता मराठवाड्यात शिंजीर जगतो. चोच अगदी तशी नाही, म्हणून तो काही फुलांत समोरून चोच घालतो आणि लांब नळीच्या फुलाला बुडाशी भोक पाडून मध काढतो. अशा वेळी परागकणांशी त्याचा संबंध येत नाही. झाडाला फसवून मध नेला. पण पळस, पांगारा, काटेसावर, बांडगूळ यांच्याशी तो इमानाने वागतो.

बांडगुळाचं सांगायलाच हवं. गावाबाहेरच्या आमराईत एका जुन्या आंब्यावर बांडगुळाचे झुबके माजले होते. शेतकरी बांडगुळाला वैतागतो आणि त्याचं खरंही आहे, ते आंब्याचा रस शोषतं. पण त्याची लांबट कळी ही एक नामी करामत आहे. ती आपणहून नीट उमलत नाही. शिंजिराने किंवा फुलटोच्याने चोचीत धरून दाबली की फटकन उघडते आणि परागकण पक्ष्याच्या तोंडावर उडतात. आमराईत पिवळ्या पोटाची जोडी हे काम करत होती. ‘प्त्सी, प्त्सी’ असे बारीक आवाज काढत, पंख झटकत, एका झुबक्यावरून दुसऱ्यावर. काळा तिथे आलाच नाही. तो बाहेर, उघड्या धुऱ्यावरच्या बाभळीवर आणि पळसावर होता.

मला वाटतं, या दोन पक्ष्यांतला खरा फरक इथे आहे. पिसांच्या रंगात तो फक्त दिसतो. जांभळ्या शिंजिराचा मुलूख अफाट आहे. ओमान-इराणपासून राजस्थानच्या वाळवंटाकडेने भारत ओलांडून तो थेट व्हिएतनामपर्यंत जातो. कोरडं रान, काटेरी झुडपं, उघडी शेतं त्याला चालतात. जांभळ्या पाठीचा मात्र द्वीपकल्पीय भारत, श्रीलंका, बांगलादेश एवढ्यापुरता; वायव्येच्या रखरखीत भागात तो नाही. त्याला बागा, परसं, पाणथळ हिरवळ हवी. एक दुष्काळ सोसणारा, दुसरा ओलाव्याच्या आसऱ्याने राहणारा. मराठवाडा हा दोघांच्या मुलखांचा सामाईक पट्टा. पैठणहून जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. धरणाचं लोकार्पण १९७६ चं. विहिरी, बोअर, कालवा, ऊस, केळी आणि त्यांच्या जोडीने घराघरांपुढची फुलझाडं. पिवळ्या पोटाचा मला पेडगावात जिथे दिसला तिथे जवळपास कुठेतरी पाणी होतंच.

त्या पाण्याचं एक रूप दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. एका आखाड्यावर विहिरीकडेला चार केळी लावलेल्या होत्या. केळीच्या पानावर रात्रीचं दंव साचलेलं. पिवळ्या पोटाची मादी पानाच्या मधल्या पन्हळीत उतरली, छाती पानाला घासत दोन बोटं खाली घसरली, पंख फडफडवले, पुन्हा वर गेली, पुन्हा घसरली. या पक्ष्याला आंघोळीला डबकं लागत नाही, पानावरचं दंव पुरतं. अंग भिजल्यावर ती शेवग्याच्या फांदीवर जाऊन पिसं विंचरत बसली. आखाड्यावरचा सालगडी म्हणाला, “हे असं रोज करतंय, ऊन यायच्या आदी.”

घरट्यांचा हंगाम हा दोघांतला दुसरा मोठा भेद. काळ्याचं सगळं वर्षाच्या एका भागाभोवती फिरतं. थंडी ओसरली की त्याच्यावर चमक चढते, उन्हाळाभर गातो, भांडतो, काखेतले पिवळे-नारिंगी झुपके फुलवून मादीपुढे पंख थरथरवतो. आरशात, मोटरसायकलच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी त्याच्यावर तुटून पडतो. विणीचा हंगाम सरला की हा राजेशाही वेश उतरतो. नर जवळपास मादीसारखा दिसायला लागतो, मळकट वरून आणि पिवळसर खालून. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ आणि खांद्यावर थोडी निळी झाक, एवढीच खूण उरते. पिवळ्या पोटाचा नर असा वेश पालटत नाही. त्याच्यात उतरता वेश नाहीच. आषाढात बघा नाहीतर मार्गशीर्षात, तो तसाच. वीणही त्याची वर्षातल्या बहुतेक महिन्यांत कुठे ना कुठे चालू असते, पावसाळ्याच्या आसपास जास्त. ‘ते इथंच राहतंय, बारा म्हैने’ या आजींच्या वाक्यात हे सगळं आलं. काळा त्यांना वर्षभर दिसत नसणार असं नव्हे. पावसाळ्यानंतर तो काळा राहत नाही, म्हणून त्यांच्या हिशेबातून निघून जातो.

एक घरटं मला अगदी जवळून पाहता आलं. आजींच्याच घरी, वसरीच्या वाशाला बांधलेल्या कपड्यांच्या तारेवर, हात वर केला तर लागेल अशा उंचीवर. आधी पाहिलं तेव्हा कचरा अडकलाय असंच वाटलं, आणि वाटावं हाच त्या बांधणीचा हेतू. वरून खाली वीतभर लांब लोंबणारी पिशवी, कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली. त्यात गवताच्या काड्या, सालीचे कपचे, वाळक्या पानांचे तुकडे, अळ्यांच्या विष्ठेचे दाणे, एक निळा प्लॅस्टिकचा धागा. बाजूला गोल दार आणि दारावर छोटा छज्जा. मादी चोचीत पांढरा पुंजका घेऊन आली. मला बघून तारेवर थांबली, मग आत गेली. पुंजका कापसाचा होता. सबंध गाव कापसाचं, मग पिल्लांच्या अंथरुणाला तो येणारच. ती आतून छातीने भिंत दाबत होती, पिशवी बाहेरून फुगताना दिसत होती. नर तारेच्या दुसऱ्या टोकाला बसून बोलत होता. बांधकाम बहुतेक तीच करते. अंडी घालण्याआधी काही रात्री मादी घरट्यातच मुक्काम करते. अंडी दोन, उबवणीला साधारण पंधरवडा, आणि मग पिल्लं पंख फुटेपर्यंत आणखी अडीच आठवडे. पिल्लांना मध पुरत नाही. त्यांना कोळी, अळ्या, बारके किडे लागतात. कपाशीवर आणि भाजीपाल्यावर फवारणी करताना हे लक्षात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण ज्या अळीसाठी आपण फवारतो तिच्यावरच या घरट्यातली पिल्लं वाढतात. आजींनी तार रिकामी ठेवली होती. धुणं दुसरीकडे, कुंपणावर वाळत होतं.

स्थानकाकडे परतताना रुळाखालच्या एका मोरीतून पाकोळ्यांचा थवा बाहेर पडला. विळ्याच्या पात्यासारखे अरुंद पंख, किरकिरा आवाज, फांदीवर किंवा तारेवर कधी न टेकणाऱ्या. हमिंगबर्डचं सगळ्यात जवळचं नातलग पेडगावात कोण, असं विचाराल तर उत्तर शिंजीर नाही, ही पाकोळी. दोघांचं कूळ एकाच गणातलं. दोघांच्या पंखातलं खांद्याजवळचं हाड आखूड आणि पुढचा भाग लांब, त्याच ठेवणीतून हमिंगबर्डने जागच्या जागी तरंगण्याची आणि मागे उडण्याची कला कमावली. शिंजीर मात्र चिमणी, कावळा, बुलबुल यांच्या गणातला. त्याचं आणि हमिंगबर्डचं साम्य फुलांनी घडवलं, रक्ताचं काही नाही. आणि एक काळ होता की जुन्या जगातही हमिंगबर्ड होते. जर्मनीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे, लांब चोचीचे जीवाश्म सापडले आणि पुराजीवशास्त्रज्ञ गेराल्ड मायर यांनी २००४ साली ते हमिंगबर्डचे म्हणून जगापुढे ठेवले. ते इथून का नाहीसे झाले हे कोडंच आहे. फुलांवरची ती जागा आज आपल्याकडे शिंजिराने धरली आहे.

निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी सलीम अलींनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केली. हैदराबाद संस्थानातून ते मुक्काम टाकत हिंडले आणि त्या पाहणीचा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून आला. परभणी तेव्हा त्याच संस्थानात होतं. आज परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्याच्या शाळाशाळांत मोबाइल आहेत. आपल्या गावातले दोन शिंजीर कुठल्या महिन्यात कुठल्या झाडावर आले, काळ्याचा वेश कधी चढला, कधी उतरला, ही नोंद एखाद्या शाळेच्या मुलांनी तीन-चार वर्षं ठेवली तर ती फार मोलाची ठरेल. सलीम अलींनंतर या मुलखात पाणी बदललं, पिकं बदलली, धुऱ्यावरचे पळस तर दरवर्षी कमी होतायत. रस्तारुंदीत जातात, बांध कोरताना जातात, सरपणाला जातात. पळस गेला तर पिवळ्या पोटाचा हमेलियावर भागवेल. काळ्याचा हंगाम मात्र पळसाच्या फुलण्याशी जुळलेला आहे.

तुम्ही जाणार असाल तर परभणीहून सकाळची पॅसेंजर धरा. परत येताना काळीपिवळी मिळते. माघ-फाल्गुनात ऊन चढायच्या आत धुऱ्यावर पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा, आधी पळस बघा आणि मग गावातली अंगणं. माद्यांचा गळा बघायला विसरू नका. आणि जमलं तर एकदा दिवाळीच्या आसपास पुन्हा जा. कापूस वेचणी चालू असेल, पळस हिरवा असेल. पिवळ्या पोटाचा आजींच्या कर्दळीवर होता तसाच भेटेल. काळ्याला बाभळीच्या कुंपणावर शोधावं लागेल, आणि गळ्यापासून पोटापर्यंतच्या त्या काळ्या रेघेवरूनच ओळखावं लागेल.